उस्तादांनी 'बोल' म्हटलं तेव्हा

आमच्या पलटणीची ललकारी मी इथे पूर्ण लिहिणार नाही. ती कुणाला ठाऊक नाही असं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत, धापा टाकत किल्ल्यावर पोचलेल्या ट्रेकवाल्यांत, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये टॉस जिंकल्यावर, कुठेही ऐकू येते. पुढच्यानं 'बोल' म्हणून महाराजांचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'की जय' म्हणायचं. पण गेल्या जानेवारीपासून ती आठवली की मला लाज वाटते, आणि लाजेनं मान खाली गेलेली असताना महाराजांचं नाव घेऊ नये एवढी अक्कल मला आहे.

मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर उभा असतो. छातीवरच्या पट्टीवर 'सिक्युरिटी सुपरवायझर' असं लिहिलंय. सुपरवाइज करायचं म्हणजे काय, तर लोकांची कार्डं बघायची, हेल्मेट घालायला लावायची आणि शिफ्ट सुटली की डबे उघडून बघायचे. नोकरी कंपनीची नाही, एजन्सीची. एजन्सीवाल्यांच्या मनात आलं की उद्या मला तळेगावच्या एखाद्या गोदामावर पाठवतील, परवा घरी.

कंपनीतली पोरं मला फौजीकाका म्हणतात. नवीन आलेला प्रत्येक जण आठवड्याभरात एकदा तरी विचारतोच, "काका, लढाईत ती ललकारी दिली होती का हो?" मी नाही म्हणतो. त्याचं तोंड पडतं. मी तरी काय करू? माझ्या सगळ्या नोकरीत शत्रूवर चालून जायची वेळ माझ्यावर आली नाही. संगीन लावून गवताच्या पोत्यावर धावून जाताना मी ती दिली आहे, इतकी की दुसऱ्या दिवशी जेवताना घास गिळवत नव्हता. व्हॉलीबॉलच्या मैदानावर दिली, बॉक्सिंगच्या रिंगणाबाहेर दिली, बडाखान्यात पोट तट्ट भरल्यावर दिली. आमचे एक कॅप्टनसाहेब केरळचे होते, मराठीत त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, पण ललकारी द्यायला लागले की साताऱ्याची पोरंही गप्प बसायची. ती आमच्या रोजच्या जेवणाखाण्यातली गोष्ट होती. आणि सगळ्यांत जास्त ती ऐकली रस्सीखेचीच्या दोरावर, उस्तादांच्या तोंडून.

उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे. ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, पलटणीच्या रस्सीखेच टीमचे सर्वेसर्वा. त्यांनी दोराला कधी हात लावला नाही. बाजूला वाकून उभे राहायचे आणि हाक द्यायचे. ही हाक द्यायची आमची एक तऱ्हा होती, ती दुसऱ्या कुणाची नव्हती. उस्ताद 'बोल' लांब ओढायचे. त्या 'बोल'वर आम्ही आठही जण श्वास घ्यायचो, गुडघे वाकवायचो आणि पकड जरा सैल करून हात चार बोटं पुढे सरकवायचो. दोर थोडा समोरच्यांकडे जायचा. समोरच्यांना वाटायचं, हे थकले, आले हातात. ते जरा सरळ व्हायचे. तेवढ्यात महाराजांचं नाव पुरं व्हायचं आणि 'जय'वर आमचा आठ जणांचा एकच हिसका बसायचा. समोरचे तोंडावर पडायचे. सगळी करामत त्या 'बोल'मध्ये होती. ओढायच्या वेळी सोडायचं, हे माणसाच्या अंगाला पटत नाही. ते अंगात मुरवायला उस्तादांनी आमची कातडी सोलून काढली होती.

आणि ती हाक फक्त कपासाठी नव्हती. एकदा डोंगरातल्या घाटात आमच्या ट्रकचं मागचं चाक कडेवरून घसरलं. चालक आत अडकलेला, दार उघडेना. आम्ही पुढून दोर बांधून लटकलो. चिखलात पाय ठरेनात, पकड निसटायला लागली. उस्तादांनी 'बोल' म्हटलं. त्या क्षणी दोर चार बोटं सैल सोडायचा म्हणजे काय हे आम्हाला दिसत होतं, ट्रक तेवढा मागे जाणार होता. कुणीही विचार केला नाही. सोडला, नवी पकड घेतली, आणि 'जय'वर ट्रक रस्त्यावर आला. चालक उतरला आणि उस्तादांच्या गळ्यात पडून रडला. त्या दिवसापासून उस्तादांच्या हाकेवर माझे हात मला विचारून काही करत नाहीत.

हे सगळं सांगतोय, कारण पुढचं त्याशिवाय कुणाला पटणार नाही. मला माहीत आहे, मी कंपनीत सांगून बघितलंय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या कंपन्यांनी मिळून क्रीडास्पर्धा ठरवल्या. त्यात रस्सीखेच होती आणि गेटवरचे गार्ड टीममध्ये घेतले तरी चालणार होते. एचआरचे साहेब स्वतः गेटवर आले. एरवी ते गाडीची काचसुद्धा खाली करत नाहीत. म्हणाले, "हवालदारसाहेब, टीम तुम्ही तयार करा. कप आणा, तुम्हाला कंपनीच्या रोलवर घ्यायचं माझ्याकडे लागलं." रोलवर म्हणजे कंपनीचा माणूस. एजन्सीची टांगती तलवार नाही, कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायला नको. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, आणि मग तिनं दोन्ही पोरींना सांगितलं. तेवढं नको होतं करायला.

पण खरं सांगायचं तर मला रोलपेक्षा त्या पोरांचंच वेड लागलं. प्रेस शॉपमधली, मशीन शॉपमधली, सगळी बाहेरगावची. त्यांचा म्होरक्या परभणीचा एक ऑपरेटर, काळा, दणकट, तोंडाळ. पहिली शिफ्ट सुटली की आम्ही कंपनीमागच्या मोकळ्या जागेत जायचो. मी त्यांना पाय कसे रोवायचे, कमरेतून कसं मागे पडायचं, सगळं शिकवलं. फक्त पलटणीची हाक शिकवली नाही. ती माझ्यापाशी जपून ठेवावी असं वाटलं. त्यांना मी साधं 'एक, दोन, हां' शिकवलं. ती पोरं कार्ड दाखवताना आधी माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीत, ती आता येताजाता माझ्या खांद्यावर हात टाकायला लागली. परभणीचा म्हणायचा, "काका शेवटी दोराला असल्यावर आपल्याला कोन हलवतंय!" दोराच्या शेवटी जो असतो, कमरेला वेढा घेऊन, त्याच्यावरच सगळी टीम टेकलेली असते.

आम्ही फायनलला पोचलो. समोरची टीम दुसऱ्या एका कंपनीची, आणि त्यांच्या बाजूला वाकून उभा राहिलेला पांढऱ्या केसांचा माणूस म्हणजे उस्ताद.

इतकी वर्षं आम्ही एकाच पट्ट्यात होतो आणि मला पत्ता नव्हता. मी 'उस्ताद!' म्हणत धावत जाऊन पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मग आवाजावरून ओळखलं आणि माझा खांदा दाबला. "अरे, तू? हितं हायेस व्हय?" मग घरचं विचारलं, पोरींचं विचारलं. आणि शेवटी म्हणाले, "दोराच्या शेवटाला तूच उभा ऱ्हाणार ना?"

"हां, उस्ताद," मी छाती फुगवून म्हणालो. पलटणीतही माझी तीच जागा होती.

पहिला डाव आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. दोन्ही वेळा उस्ताद नुसतं 'हां, हां' करत होते. तिसऱ्या डावात दोर ताणून उभा राहिला, कुणीच हलेना. मग उस्तादांनी 'बोल' म्हटलं.

अगदी तसंच, लांब ओढून. आवाज थोडा फाटका झाला होता, एवढंच.

मी श्वास घेतला. गुडघे वाकवले. पकड सैल केली. माझ्या डोक्यात त्या वेळी काही म्हणजे काही नव्हतं, चाकण नव्हतं, कंपनी नव्हती. पुढे काय झालं ते मला घासत जाणाऱ्या पोटानं सांगितलं. माझ्या पुढची सातही पोरं आधार सुटल्यासारखी एकमेकांवर कोसळली आणि आम्ही सगळे चुन्याच्या रेषेपलीकडे फरफटत गेलो. त्याहून वाईट म्हणजे, तोंडात माती जात असताना मी ओरडलो. "जय!" समोरच्यांच्या हाकेला, आमच्या बाजूनं, मी एकटाच. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. हशा पिकला.

एचआरचे साहेब जवळ आले. मला वाटलं हात देऊन उठवतील. ते म्हणाले, "हवालदारसाहेब, तुम्ही नक्की कुणाकडून होता?" आणि निघून गेले. रोलचा विषय त्यानंतर निघाला नाही, मीही काढला नाही. घरी पोरींना सांगितलं, आता वय झालं.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर सुरू झालं. शिफ्टची पोरं आत येताना कुणीतरी मागून 'बोल' म्हणायचं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी काही बोलायचो नाही. पण माझा गळा हलायचा. मला ते कळायचं आणि त्यांनाही दिसायचं. ते हसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगावर वर्दी, आणि कार्डांकडे बघण्याचं नाटक करतोय. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, चिखलात रांगलो आहे, पण वर्दीत उभं राहून मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. हसणाऱ्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण त्यांच्यात एक वेगळीही कुजबुज होती, की काकानं मॅच विकली. पलटणीच्या माणसासाठी दोर सोडला.

परभणीचा हसत नव्हता. त्यानं चार दिवसांनी मला कॅन्टीनच्या मागे गाठलं. "काका, खरं सांगा बरं. तुमी दोर सोडला का?"

"सोडला," मी म्हणालो. "पण तू समजतोस तसा न्हाई." आणि मग मी त्याला पलटणीची हाक समजावली, 'बोल'वर सैल सोडायचं, 'जय'वर ओढायचं. ट्रकचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. कुणीतरी फायनलचं शूटिंग केलं होतं.

मी ते बघायचं टाळलं होतं. आता बघितलं. एकदा, मग पुन्हा. मी माझ्याकडे बघत नव्हतो, समोरच्या टीमकडे बघत होतो. ती पोरं 'जय'वर ओढत नव्हती. ती 'बोल'वरच ओढत होती. उस्तादांचं तोंड उघडायचा अवकाश, आठही जण मागे पडले होते. म्हणजे त्यांना तसं शिकवलं होतं. आमच्या पलटणीचा माणूस नेमक्या ज्या क्षणाला हात सैल करतो, तोच क्षण पकडायला शिकवलं होतं. म्हणजे मी तिथं आहे हे उस्तादांना आधीच कुठून तरी कळलं होतं. 'शेवटाला तूच ना' हे त्यांनी उगाच विचारलं नव्हतं.

परभणीचा म्हणाला, "हे खरं आसंल तर तुमच्या उस्तादाला विचारा. ते हो म्हनले तर मी सगळ्यायला सांगतो, काकाची चूक नव्हती. कोनाची हिंमत हाय मग हसायची!"

माझं त्या पोरांमधलं नाव आता उस्तादांच्या एका 'हो'वर होतं. दुसरं मला काही नको होतं. रोल गेला खड्ड्यात.

रविवारी मी काळेवाडीला उस्तादांच्या घरी गेलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. ललकारी आपल्याच माणसावर वापरायची असते का, उस्ताद? ज्या हाकेनं माणूस वाचवला, तिनं तुम्ही माझी माती केलीत? असलं बरंच काही. मोटारसायकलवर मी मोठ्यानं बोलत होतो, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

पत्ता विचारत जिना चढलो. वहिनींनी दार उघडलं आणि मला ओळखून त्यांचा चेहरा उजळला. "भाऊजी! अहो, कित्ती वर्षांनी!" उस्ताद आत खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे तोंड वळवलं. तेवढ्यानं मला सगळं कळलं. विचारायची गरजच उरली नाही. खरं तर मी आशा धरून आलो होतो, की ते म्हणतील, अरे, माझ्या लक्षातच आलं नाही.

टीव्हीवर कप ठेवला होता. त्याच्या शेजारी पलटणीच्या टीमचा जुना फोटो, त्यात उस्तादांच्या मागे मी उभा, मिसरूड फुटलेला.

वहिनी चहा टाकता टाकता बोलत होत्या. "ह्यांचं नशीब हो, भाऊजी. दिसत नाही धड, मोतीबिंदू झालाय, तरी ऑपरेशनला जात नाहीत. एजन्सीनं गेटवरच्या कामावरून काढायचंच ठरवलं होतं. मग तो दोराचा कप आला. साहेब म्हणाले, यांना राहू द्या, पोरांना शिकवतील. घरात दुसरं कोण आहे कमावणारं?" त्यांना माहीत नव्हतं की दोराच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. उस्तादांनी त्यांना ते सांगितलं नव्हतं.

मी ठरवून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. मला उस्तादांची लाज वाटली. त्यांच्याच घरी, त्यांचा चहा पीत असताना त्यांची लाज वाटते याची आणखी लाज वाटली. आणि त्यातही मनाचा एक कोपरा म्हणत होता, विचार, आत्ता विचार, तिकडे गेटवर ते पोर वाट बघतंय.

"उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी बशी खाली ठेवली. खिडकीतून बाहेर बघतच, हळू, पण शिकवायच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "पाय घसरला वाटतं तुझा त्या दिवशी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "कुठं? कधी?" त्यांनी विचारलं.

मी ठरवायच्या आधीच माझं तोंड उघडलं होतं. "व्हय, उस्ताद," मी म्हणालो. "घसरला."

त्यांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत आले, माझा खांदा दाबला. रस्त्यावर येऊन मी बराच वेळ गाडीला किक मारत राहिलो. ती बटणावर चालू होते हे मला सुचलंच नाही.

सोमवारी परभणीचा शिफ्टच्या आधीच आला. गेटच्या आत एका बाजूला मला घेऊन गेला. "काय म्हनले उस्ताद?"

दुसरी पोरं मागे उभी होती. ऐकायला आली होती, म्हणजे त्यानं त्यांना काहीतरी सांगून ठेवलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्यातल्या निम्म्यांनी तरी विश्वास ठेवला असता असं मला आजही वाटतं. पण उस्तादांच्या कंपनीतली पोरं आणि आमची पोरं एकाच चहाच्या टपरीवर उभी असतात. संध्याकाळपर्यंत ते काळेवाडीला पोचलं असतं, वहिनींच्या कानावर गेलं असतं, त्यांच्या साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि उस्तादांची नोकरी टिकली होती ती त्या कपावरच.

"पाय घसरला म्हनले," मी सांगितलं.

"आन् तुमी?"

"मीबी तेच म्हनतो."

परभणीच्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिवी देईल, ती चालली असती. त्यानं गळ्यातलं कार्ड काढलं, मला दिसेल असं समोर धरलं, जसं पहिल्या दिवशी नवीन माणूस धरतो तसं, आणि आत गेला. मागून बाकीचेही गेले.

त्यानंतर गेटवर मला कुणी 'बोल' म्हणून चिडवत नाही. कार्ड दाखवतात आणि आत जातात.